पाचिंको यंत्रातील गोळी उडवणारी यंत्रणा कशी चालते, आणि ती घरी कशी बांधावी?

रंधा (प्रश्न)

नागपुरातल्या मानेवाड्यातील आमच्या वसाहतीत गणेशोत्सवाच्या दिवसांत मुलांसाठी खेळांचे एक दालन असते. यंदा त्यासाठी पाचिंको, म्हणजे वर उडवलेली गोळी खिळ्यांवर आपटत खाली येते त्या जपानी खेळाच्या धर्तीवर एक उभा फलक तयार करण्याचे ठरले आहे. लाकूडकामाची मला अडचण नाही. १८ मिलिमीटर प्लायवुडचा फलक, त्यावरील पितळी खिळे, कडेने वळवलेली स्टेनलेस स्टीलची पट्टी आणि समोरचा ॲक्रिलिकचा पत्रा एवढे काम पूर्ण होत आले आहे. घोडे अडले आहे ते गोळी वर उडवणाऱ्या भागापाशी.

जत्रेतल्या खिळ्यांच्या फळीला असतो तसा, हाताने ओढून सोडायचा स्प्रिंगचा दांडा सध्या बसवला आहे. दांड्यावर खूण करून प्रत्येक वेळी त्याच खुणेपर्यंत ओढले, तरी एक गोळी डाव्या कोपऱ्यातच दम सोडते आणि तिच्या मागची गोळी सरळ माथ्यावरून वळसा घालून उजव्या कडेला उतरते. जोर कमी पडत असावा म्हणून अधिक कडक स्प्रिंग लावून पाहिली. गोळ्या वर पोहोचू लागल्या, पण दोन गोळ्यांमधला फरक मात्र पूर्वीपेक्षा वाढला. हे असे का होते, हे मला प्रथम समजून घ्यायचे आहे.

मूळ यंत्रात खेळणारा उजव्या हाताची मूठ थोडी फिरवून नुसती धरून ठेवतो आणि गोळ्या एकामागून एक, जवळजवळ एकाच जागी जाऊन पडत राहतात. मूठ फिरवल्याने आत नेमके काय बदलते: गोळीला ठोसा देणाऱ्या हातोडीची ओढ, स्प्रिंगचा ताण की विजेचा दाब? शिवाय हे घरी बांधायचे तर मोटर आणि कॅम (फिरताना दांड्याला ढकलणारी उंचसखल चकती) घ्यावा की सोलेनॉइड (वीज देताच दांडा खेचणारी तारेची गुंडाळी)? गोळ्या म्हणून मी ७/१६ इंची बेअरिंगचे छर्रे घेतले आहेत. गोळीच्या बैठकीपासून पट्टीच्या माथ्यापर्यंतची उंची ५० सेंटिमीटर असून वरच्या कमानीची त्रिज्या २० सेंटिमीटर आहे. सामान इतवारीत किंवा बर्डीवर मिळण्यासारखे असावे, एवढीच अपेक्षा आहे.

लेथवाला

आपल्या मापांपासूनच सुरुवात करू, कारण अडचणीचे मूळ त्यांतच आहे. घर्षण आणि गोळीचे स्वतःभोवती फिरणे तात्पुरते बाजूला ठेवले, तर ५० सेंटिमीटर चढण्यासाठी बैठकीतून सुटताना गोळीला सेकंदाला सुमारे ३.१ मीटर वेग लागतो. परंतु गोळीने पट्टीला आतून टेकून राहत संपूर्ण कमान ओलांडावी असे वाटत असेल, तर माथ्यावर पोहोचल्यावरही तिच्यात काही वेग शिल्लक असावा लागतो, आणि २० सेंटिमीटर त्रिज्येसाठी तो सेकंदाला १.४ मीटर येतो. हे धरले की सुटतानाचा वेग ३.४३ मीटर होतो. उलट, माथ्याच्या ४५ अंश अलीकडे, म्हणजे कमानीच्या डाव्या खांद्यावरच गोळीने पट्टी सोडून खिळ्यांत उतरावे असे हवे असेल, तर ३.१७ मीटर पुरतो. डाव्या खांद्यावर उतरणारी गोळी आणि पूर्ण वळसा घालून उजवीकडे जाणारी गोळी यांच्या वेगांत अवघा ८ टक्क्यांचा फरक आहे, आणि नेम धरणे म्हणून जे काही आहे ते सारे या ८ टक्क्यांच्या आत बसते. प्रत्यक्षात घर्षणामुळे दोन्ही आकडे वर सरकतील, ३.५ ते ४ मीटरच्या दरम्यान कुठेतरी, पण हा पट्टा रुंद होत नाही.

आता आपला दांडा पाहा. समजा तो १५ मिलिमीटर ओढला जातो आणि स्प्रिंग मोकळ्या स्थितीपासून ताणली जाते. अशा स्प्रिंगने दिलेला वेग ओढीच्या सरळ प्रमाणात असतो, त्यामुळे ओढीत १ मिलिमीटर इकडेतिकडे झाला की वेग साडेसहा टक्क्यांनी बदलतो. आठांपैकी साडेसहा टक्के तिथेच संपले. कडक स्प्रिंग घेतल्यावर तेवढ्याच उंचीसाठी ओढ आणखी कमी लागते, बोटाची चूक मात्र तेवढीच राहते, म्हणून फरक वाढला. यात भर म्हणजे बोट सोडण्याची क्रिया. दांडा सुटण्याच्या क्षणी बोट किंचित त्याच्याबरोबर पुढे जाते, आणि ते किती जाईल यावर कोणाचाच ताबा नसतो.

मूळ यंत्रांनी हा प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडवला. दुसऱ्या महायुद्धानंतर नागोया शहरातून हा खेळ जपानभर पसरला, तेव्हा यंत्राला उजवीकडे खाली अंगठ्याने दाबायची एक कळ असे. कळ दाबली की हातोडी मागे जाई, कळ सुटली की स्प्रिंग तिला पुढे फेकी आणि हातोडी गोळीला ठोसा देई. जोर किती द्यायचा हे सर्वस्वी अंगठ्यावर असल्यामुळे त्या काळी ते खेळणाऱ्याचे कसब मानले जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेची मूठ आली, आणि तिथे आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. आत मोटर सतत फिरत असते, तिच्यावरचा कॅम हातोडीला दर वेळी ठरावीक अंतर मागे नेऊन सोडून देतो, आणि मूठ फिरवल्याने बदलतो तो स्प्रिंगचा ताण. ओढ कायम आणि ताण बदलता, अशी ती विभागणी आहे. तिचे महत्त्व पुढच्या हिशेबातून कळेल.

स्प्रिंग बसवतानाच ३० मिलिमीटर ताणून ठेवा आणि कॅमने ती आणखी १५ मिलिमीटर ताणू द्या. आता तिचे मागचे टोक ज्या स्क्रूला बांधले आहे तो १ मिलिमीटर सरकवला, तर गोळीचा वेग फक्त १.३ टक्क्यांनी बदलतो. एम५ (५ मिलिमीटर जाडीच्या) स्क्रूच्या आट्यांमधले अंतर ०.८ मिलिमीटर असते, म्हणजे स्क्रूचा एक पूर्ण फेरा झाला की वेगात सुमारे १ टक्का फरक पडतो. डाव्या खांद्यापासून उजव्या कडेपर्यंतचा सारा पल्ला आठेक फेऱ्यांत पसरला. यापेक्षा बारीक नियंत्रण मुलांच्या खेळाला लागणार नाही.

जोर मात्र लागतो फारच थोडा. आपला ७/१६ इंची छर्रा ११.११ मिलिमीटर व्यासाचा आणि साधारण ५.६ ग्रॅम वजनाचा असतो. जपानी नियमांतली गोळी ११ मिलिमीटर व्यासाची आणि ५.४ ते ५.७ ग्रॅमची असल्यामुळे आपली निवड योग्यच आहे. असा छर्रा सेकंदाला ४ मीटर वेगाने सोडायला ०.०४५ ज्यूल ऊर्जा पुरते, म्हणजे १०० ग्रॅमचे वजन साडेचार सेंटिमीटर उचलण्याइतकी. हातोडीचे फिरते वजन ३० ग्रॅमच्या आसपास ठेवले, तर तिच्यात ०.१ ज्यूल असले की काम भागते, आणि वरच्या मांडणीत त्यासाठी पूर्ण ताणाला ८ न्यूटन, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम वजनाएवढा जोर देणारी स्प्रिंग चालते. हातोडी गोळीपेक्षा पुष्कळ जड असणे सोयीचे असते, कारण त्यामुळे छर्‍यांच्या वजनातला किरकोळ फरक वेगात फारसा उतरत नाही.

बांधणीविषयी. मोटर म्हणून भंगारात निघालेल्या मोटारीची वायपरची मोटर घ्या. ती १२ व्होल्टवर चालते, आत वर्म गिअर (गती कमी करणारी दातेरी जोडी) असल्यामुळे मंद गतीला मिनिटाला सुमारे ४५ फेरे घेते आणि या कामासाठी तिची ताकद गरजेपेक्षा जास्तच असते. जपानमध्ये मिनिटाला १०० गोळ्यांची कमाल मर्यादा आहे. मुलांना ४५ पुरेत. कॅम १० मिलिमीटर जाडीच्या नायलॉनचा, गोगलगाईच्या शंखासारखा कापून घ्या: ३०० अंशांत हळूहळू १५ मिलिमीटर चढणारा आणि मग एकदम तुटणारा. इथे एक बारकावा आहे. तुटलेली कड त्रिज्येच्या सरळ रेषेत ठेवली, तर हातोडीच्या दांड्यावरचा रोलर त्या कोपऱ्याला घासत उतरतो आणि तेवढा वेग खातो. म्हणून कड दोन-तीन मिलिमीटर आतल्या बाजूला खणून घ्यावी आणि रोलर शक्य तितका लहान ठेवावा, म्हणजे रोलर कोपरा सोडताच मोकळ्या हवेत येतो. मोटरच्या तारा उलट जोडल्या जाऊन कॅम मागे फिरणार नाही, एवढी खबरदारी घ्या. ती तुटलेली कड रोलरवर आदळली तर नायलॉनचा तुकडाच उडतो.

हातोडीच्या टोकाला नायलॉन किंवा डेलरिन या कडक प्लास्टिकची गुंडी असावी. रबर ऊन-गारव्याप्रमाणे मऊ-कडक होते, आणि नुसते लोखंड ठोसे खाऊन चपटे होत जाते. हातोडी पुढे येऊन थांबावी यासाठी जाड रबराचा अटकाव द्या, पण गोळीला ठोसा अटकावाला टेकण्याच्या १ ते २ मिलिमीटर आधी बसला पाहिजे. ठोसा गोळीच्या बरोबर मध्यातून आणि रेलच्या, म्हणजे बैठकीपासून पट्टीकडे नेणाऱ्या वाटेच्या, दिशेने जायला हवा. तो अर्धा मिलिमीटर जरी खाली बसला तरी गोळी रेलवरून उडी घेते, आणि मग वरच्या सगळ्या हिशेबाला अर्थ राहत नाही.

धारित्र

लेथवाल्यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे. तरीही सोलेनॉइडचा पर्याय इतक्यात सोडू नये, कारण नंतरच्या काळातली यंत्रे त्याच वाटेने गेली. त्यांत मोटर आणि कॅमच्या जागी फिरता सोलेनॉइड आला, जो हातोडीला थेट झटका देतो. मुठीच्या आत फिरता रोध (फिरवून कमी-जास्त करता येणारा विजेचा रोध) असतो आणि त्यावरून झटक्याची शक्ती ठरते. मुठीच्या कडेला हाताचा स्पर्श ओळखणारा धातूचा भाग असतो, त्यामुळे हात काढला की गोळ्या थांबतात. मुठीच्या फटीत नाणे अडकवून ती त्याच कोनात धरून ठेवण्याची युक्ती तिकडचे खेळणारे करीत आले आहेत. मूठ हलू नये यासाठी ते काय काय करतात हे पाहिले, की एकसारखेपणाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

घरगुती बांधणीत बहुतेक जण सोलेनॉइडला पॉवर सप्लायमधून थेट वीज देतात आणि ती किती मिलिसेकंद द्यायची हे मायक्रोकंट्रोलर या लहानशा संगणकी चिपने ठरवतात. ही पद्धत नागपुरात उन्हाळ्यात दगा देते. तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सकाळी २५ अंशांना बसवलेले यंत्र मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंशांना चालवले, तर गुंडाळीचा रोध जवळजवळ ८ टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि गुंडाळी स्वतः चालून तापते ते वेगळेच. आपल्याला वेगात १ टक्काही हलायला नको आहे. शिवाय सोलेनॉइडची ओढ प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे प्रवाहातली लहानशी घट ओढीत दुप्पट होऊन दिसते.

यावर उपाय म्हणजे ऊर्जा मोजून देणे. २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) २४ व्होल्टला भरला की त्यात ०.६३ ज्यूल साठतात. ते सगळे प्रत्येक वेळी सोलेनॉइडमध्ये रिकामे करायचे. त्यातला लहानसा वाटाच हातोडीच्या हालचालीत उतरतो, पण आपल्याला हवेत ते ०.१ ज्यूलच. गुंडाळी तापल्याचा परिणाम या पद्धतीत पूर्ण नाहीसा होत नाही, तरी बराच कमी होतो, कारण गुंडाळीचा रोध थोडा वाढला तरी तिला दर वेळी मिळणारी ऊर्जा तेवढीच राहते. मूठ म्हणून कॅपॅसिटर किती व्होल्टपर्यंत भरायचा ते ठरवणारा पोटेन्शिओमीटर, म्हणजे तसाच फिरता रोध, लावावा. वेग साधारणपणे व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो.

एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्यावे. कॅपॅसिटर भरण्यासाठी १०० ओहमचा रोध लावला आणि दर सेकंदाला एक गोळी सोडली, तर कॅपॅसिटर पुढच्या गोळीपूर्वी जेमतेम ९९ टक्के भरतो. कोणी जरा थांबून खेळला तर तो पूर्ण भरतो, कोणी घाईने खेळला तर कमी भरतो, आणि गोळीची उंची खेळण्याच्या गतीप्रमाणे बदलू लागते. ४७ ओहमचा, ५ वॅटचा रोध लावल्यास हा प्रश्न राहत नाही. स्विच म्हणून आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट पुरेसा आहे, आणि सोलेनॉइडच्या दोन टोकांना उलट दिशेने डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) जोडणे विसरू नये. नाहीतर पहिल्या काही झटक्यांतच मॉस्फेट जातो. हे सगळे बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळते. चांगला सोलेनॉइड मिळणे मात्र नशिबाचा भाग आहे. कुलपांसाठी विकले जाणारे सोलेनॉइड ओढ भरपूर देतात, पण त्यांचा पल्ला फार आखूड असतो. १० मिलिमीटर तरी पल्ला असल्याशिवाय घेऊ नये.

रंधा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कडक स्प्रिंगने फरक का वाढला हे आता स्वच्छ कळले. मी कॅमच्या बाजूने झुकलो आहे, कारण नायलॉन कापणे आणि खणणे मला जमण्यासारखे आहे. पण एक प्रश्न उरतो. हातोडी मिनिटाला ४५ वेळा आपोआप चालणार असेल, तर दर वेळी बरोबर एकच गोळी बैठकीत कशी आणावी? वरच्या तबकातून उतरती पन्हळ दिली आहे. तिच्यातून कधी दोन गोळ्या एकदम घुसतात, तर कधी तबकाच्या तोंडाशीच अडून बसतात आणि हाताने ढकलाव्या लागतात.

लेथवाला

तबकाच्या तोंडाशी गोळ्या अडतात त्या कमान धरून. दोन-तीन गोळ्या एकाच वेळी तोंडाशी आल्या की त्या एकमेकींना आणि दोन्ही भिंतींना टेकतात, आणि वरचे वजन त्यांना अधिकच घट्ट करते. तबकाचा उतार सगळ्या बाजूंनी तोंडाकडे आणण्याऐवजी एकाच लांब कडेने गोळ्या घरंगळू द्या, म्हणजे त्या रांगेतच तोंडाशी येतात. पन्हळीची रुंदी गोळीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त नको; आपल्या छर्‍यांसाठी ११.६ मिलिमीटर घ्या. रुंद पन्हळीत गोळ्या तिरप्या, एकाआड एक बसतात आणि एकमेकींची पाचर होते. उतार ५ ते ७ अंश पुरतो. जास्त दिला तर गोळी बैठकीत येऊन उसळते.

एकेक गोळी सोडण्यासाठी मोटरवरच्याच कॅमचा उपयोग करा. पन्हळीच्या शेवटी एक लहान झुलती खिटी असावी, तिला दोन दात: एक गोळीच्या पुढे, दुसरा तिच्या मागे, दोहोंत बरोबर एका गोळीएवढी जागा. हातोडी मागे जायला लागते तेव्हा पुढचा दात उचलला जातो आणि मागचा खाली येतो. पुढची गोळी बैठकीत घरंगळते, मागच्या अडतात. हातोडी सुटली की खिटी उलटी झुलते आणि पुढची गोळी दातांमध्ये येऊन थांबते. दोन गोळ्या एकदम जाण्याचा मार्गच उरत नाही. मूळ यंत्रांतही गोळी पुरवण्याचे काम हातोडीच्या हालचालीशीच बांधलेले असते. अंगठ्याने दाबायच्या कळीच्या काळात तर ते एकाच दांड्यावर चाले.

खिटी हातोडीच्या परतीच्या प्रवासाच्या अगदी सुरुवातीला झुलली पाहिजे. बैठकीत आलेली गोळी दोन-तीनदा थरथरते आणि मग स्थिर होते, त्याला पाव सेकंद तरी द्यावा लागतो. कॅमचा चढ ३०० अंशांचा ठेवण्याचे कारण हेच. मिनिटाला ४५ फेऱ्यांना तो चढ सेकंदाहून जास्त वेळ चालतो. रेलही हातोडीकडे किंचित उतरती ठेवा, म्हणजे गोळी आपल्याच वजनाने बैठकीच्या मागच्या काठाला टेकून उभी राहील आणि दर वेळी त्याच बिंदूवर ठोसा खाईल.

दोन वाटा अजून करून ठेवाव्या लागतील. मूळ यंत्रात उडवण्याची रेल आणि कडेची पट्टी यांच्यामध्ये एक फट ठेवलेली असते. कमी जोराने गेलेली गोळी परत येते ती त्या फटीतून खाली पडते आणि खालच्या तबकात खेळणाऱ्याला परत मिळते. ही फट नसेल तर परत आलेली गोळी बैठकीतल्या गोळीवर बसते आणि पुढचा ठोसा दोघींना मिळून लागतो. वेगाने जाणारी गोळी ती फट सहज ओलांडते, एवढीच तिची रुंदी हवी. गोळीच्या व्यासापेक्षा ३ ते ४ मिलिमीटर जास्त ठेवून सुरुवात करा. दुसरी वाट बंद करायची आहे. पट्टी जिथे खेळाच्या भागात उघडते, तिथे डाव्या खांद्याखाली एक पातळ स्प्रिंगपत्र्याची झडप लावा. बाहेर जाणारी गोळी तिला ढकलून जाते, पण खिळ्यांवरून उसळून मागे फिरलेली गोळी पुन्हा पट्टीत शिरू शकत नाही. घड्याळाच्या स्प्रिंगच्या पत्र्याचा तुकडा यासाठी उत्तम. लोहाओळीत मिळणारा नेहमीचा पत्रा जाड पडतो आणि प्रत्येक गोळीचा वेग थोडाथोडा खातो.

सोलेनॉइडकडे जाण्याचा विचार पुन्हा कधी आला, तर लक्षात ठेवा की छर्रे पोलादाचे असल्यामुळे गुंडाळीच्या फार जवळून फिरत राहिल्यास हळूहळू चुंबकत्व धरतात, आणि चुंबकत्व धरलेले छर्रे पन्हळीत एकमेकांना चिकटून खिटीच्या दातांना दाद देत नाहीत. गुंडाळी रेलपासून दूर ठेवून हातोडीला लांब दांडा द्यावा.

जुनी कळ

चर्चा उद्बोधक आहे, पण हे यंत्र भाद्रपदात, मंडपात, मुलांच्या गर्दीत चालणार आहे, हे कोणी विचारात घेतलेले दिसत नाही. पावसाळ्यात मंडपाखाली २३० व्होल्टची तार खेळण्यापर्यंत नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वायपरची मोटर घ्यायचीच असेल तर यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी वापरावी. दोनेक तास ती ओढते, आणि दुसरी बॅटरी चार्ज करून तयार ठेवता येते.

त्याहूनही माझा आग्रह असा की मोटर काढूनच टाकावी. मूठ धरून बसले की गोळ्या आपोआप जात राहतात, हे जपानच्या दालनांच्या सोयीचे झाले. मुलांना मजा येते ती स्वतः कळ दाबून गोळी उडवण्यात. लेथवाल्यांची सगळी मांडणी जशीच्या तशी ठेवून मोटरच्या जागी हाताची कळ बसवता येईल. कळ दाबली की ती हातोडीला एका आकड्याने धरून १५ मिलिमीटर मागे नेते, आणि त्या टोकाला आकडा एका खुंटीला लागून आपोआप सुटतो. हातोडी सोडण्याचे काम बोटाकडे राहतच नाही, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाची आणि त्याच्या काकांची गोळी एकाच वेगाने सुटेल. वेग ठरवायला तोच एम५ स्क्रू, त्याच्या डोक्यावर लाकडी गोल मूठ बसवून समोर काढावा. मुलांना त्यातच नेम धरू द्या. गोळी पुरवणारी खिटीही त्या कळीलाच जोडता येते. बॅटरी संपण्याचा प्रश्न नाही आणि रांगेतल्या प्रत्येकाला मोजून गोळ्या देणेही सोपे जाते.

ओलाव्याची तयारी मात्र आतापासून करावी लागेल. उन्हाळ्यात बांधलेला फलक सप्टेंबरपर्यंत दमटपणा पिऊन फुगतो, आणि त्यावर स्क्रूने बसवलेली रेल हातोडीच्या रेषेतून हलते. म्हणून बैठक, रेलचा सुरुवातीचा भाग, हातोडीची धुरा आणि अटकाव हे सगळे एकाच ६ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पाटीवर बसवून घ्यावे, आणि ती पाटी फलकाला तीन बोल्टांनी जोडावी. लाकूड कसेही हलो, हातोडी आणि गोळी यांच्यातले अंतर बदलणार नाही. प्लायवुडच्या कापलेल्या कडांना दोन हात वॉर्निश द्यावे. ओल शिरते ती तिथूनच. छर्रे क्रोमियमयुक्त पोलादाचे असले तरी स्टेनलेस नसतात, मुलांच्या घामाच्या हातांनी एका रात्रीत त्यांवर तांबूस ठिपके येतात आणि मग ते पन्हळीत अडखळतात. रोज रात्री कोरड्या फडक्यात चोळून, फडक्याला नावापुरते मशीनचे तेल लावून, बंद डब्यात ठेवावेत. तेल जास्त झाले तर गोळी पट्टीवर घरंगळण्याऐवजी घसरते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या खुणा चुकतात.

बक्षीस म्हणून पेन्सिल, खोडरबर, लाडू काय हवे ते द्यावे, पण गोळ्यांच्या बदल्यात पैशांची देवाणघेवाण गमतीनेही करू नये. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. हातोडीच्या भागाला मागून झाकण लावावे आणि ते उघडायला स्क्रूड्रायव्हर लागेल असेच करावे. ८ न्यूटनची स्प्रिंग मोठ्यांच्या बोटाला काही करणार नाही, पण आकडा आणि खुंटी यांच्यामध्ये लहान मुलाचे बोट सापडले तर नख काळे पडल्याशिवाय राहणार नाही.